मस्टँगचे इंजिन निळे की काळे? रंग नावाच्या साधनाविषयी #थ्रेड

१/ १९६५ च्या मॉडेलची जुनी फोर्ड मस्टँग हौसेने नवी केली जाते. बॉनेट उघडले की आत लख्ख निळे इंजिन दिसते आणि पाहणारे वाहवा करतात. परंतु कारखान्यातून निघताना ते इंजिन निळे नव्हतेच. मग हा रंग आला कोठून?

२/ मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आली. त्या काळी फोर्डच्या इंजिनांचे रंग प्रकारानुसार वेगळे असत. १९६५ च्या मॉडेलमधील सर्वसाधारण २८९ घनइंची व्ही-८ इंजिनाचा ब्लॉक काळा, तर व्हॉल्व्ह कव्हर आणि एअर क्लीनर सोनेरी. सहा सिलिंडरच्या इंजिनावर हेच दोन भाग लाल असत.

३/ १९६६ च्या मॉडेलपासून कंपनीने ही विविधता मोडीत काढली आणि सर्व इंजिनांना एकच गडद निळा रंग दिला. पुढे फोर्डचे इंजिन म्हणजे निळे, हे समीकरण रूढ झाले. नंतरची ही सवय आधीच्या गाड्यांवर लादली जाते. इतिहासलेखनात यालाच कालविपर्यास म्हणतात.

४/ निर्णय कसा करावा? ब्लॉकवर ओतकामातच उमटलेली अक्षरे वाचावीत. 'सी५एई' मधील 'सी' म्हणजे १९६० चे दशक आणि '५' म्हणजे १९६५. मात्र हे वर्ष आराखड्याचे आहे. ओतकामाची तारीख निराळी असते : '५सी१२' म्हणजे १२ मार्च १९६५.

५/ आता '५जे८' ही तारीख घ्या. महिन्यांच्या क्रमात 'आय' हे अक्षर वगळलेले असल्याने 'जे' म्हणजे सप्टेंबर. वर्ष १९६५ च. परंतु तोवर १९६६ च्या मॉडेलचे उत्पादन सुरू झाले होते. म्हणून हे इंजिन निळेच असण्याचा संभव अधिक. अस्सल साधनाचाही अर्थ लावावाच लागतो.

६/ दुसरा साक्षीदार म्हणजे स्वतः रंग. उष्णता आणि तेल यांमुळे उघड्या भागावरील छटा पालटते. मूळ थर शोधावा तो रंगकामानंतर बसवलेल्या ब्रॅकेटखाली. नमुन्याशी तुलना दिवसाच्या उजेडात करावी. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात.

७/ कारखान्यात जोडलेल्या इंजिनावरच रंग फवारला जाई. त्यामुळे बोल्टची डोकी आणि गॅस्केटच्या कडाही रंगत. आज प्रत्येक भाग सुटा करून रंगवतात. इंजिन मुळापेक्षा देखणे होते, पण ते कसे घडले याची खूण पुसली जाते. घासून काढलेला थर परत मिळत नाही.

८/ म्हणून अशी गाडी हाती आली, तर आधी अंक वाचावेत, छायाचित्रे घ्यावीत, थर तपासावा. रंगाचा डबा सर्वांत शेवटी उघडावा.