तापवलेली खोली आणि घामाचा हिशेब

माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर, जोसेफ बाप्टिस्टा उद्यानात उभे राहिले की पूर्वेला गोदीतल्या याऱ्या दिसतात. पाठीमागे भायखळा, लालबाग, परळ. तिथे आता उंच इमारती आहेत. एकेकाळी गिरण्यांची धुराडी होती. अशा शहरात मुद्दाम तापवलेल्या खोलीत, पैसे मोजून व्यायाम करायला माणसे जातात हे ऐकून आपल्या आजोबांना हसू आले असते. पण 'हॉट पिलाटीस' या नावाने हा प्रकार जगभर चालतो. खोलीचे तापमान साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअस ठेवतात आणि चटईवर पोट, पाठ व कमरेचे सावकाश व्यायाम करतात.

जोसेफ पिलाटीस हा जर्मनीत १८८३ मध्ये जन्मलेला व्यायामशिक्षक. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये स्थानबद्ध होता आणि १९२६ पासून न्यूयॉर्कला स्थायिक झाला. आपल्या पद्धतीला तो 'कंट्रोलॉजी' म्हणे. श्वास, तोल आणि स्नायूंवरील ताबा हा तिचा गाभा होता; तापवलेल्या खोलीचा तिच्याशी संबंध नव्हता. ती जोड योगासनांच्या वर्गांकडून आली. कोलकात्याच्या बिक्रम चौधुरी यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत ४०.५ अंश तापमान व ४० टक्के आर्द्रतेच्या खोलीतील आसने लोकप्रिय केली, आणि पुढे तीच खोली पिलाटीसच्या वाट्याला आली.

कल्पना मात्र फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अग्नीवाचून घाम आणण्याचे दहा मार्ग दिले आहेत. त्यांत व्यायाम आणि उष्ण खोली शेजारीशेजारी आहेत. भूक, भीती, राग आणि युद्धसुद्धा आहे! पण वाग्भटाने व्यायामाला मर्यादाही घातली आहे. बलवान माणसाने थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी. उन्हाळ्यात हात आखडता घ्या, असाच याचा अर्थ. मला हा सल्ला आजच्या अनेक जाहिरातींपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

उष्णता माणूस किती सोसू शकतो, याचे पहिले नेटके प्रयोग लंडनमध्ये झाले. १७७५ मध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन याने रॉयल सोसायटीपुढे ते मांडले. कोरड्या हवेच्या, सुमारे १२७ अंशांपर्यंत तापवलेल्या खोलीत तो काही मिनिटे राहिला. तिथेच ठेवलेली अंडी व मांस शिजले, ब्लॅग्डेन मात्र सुखरूप बाहेर आला. कारण घाम. एक लिटर घाम पूर्णपणे वाफ होऊन गेला तर शरीराची सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र अट एकच : घामाची वाफ झाली पाहिजे. हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर घाम नुसता ठिबकतो. पाणी जाते, मीठ जाते, उष्णता आतच राहते.

हे नीट मोजले जे. एस. हॉल्डेन यांनी, १९०५ मध्ये, खोल खाणींच्या संदर्भात. साध्या तापमापकावरचा आकडा फसवा आहे, ओल्या कापडाच्या तापमापकावरचा खरा, हे त्यांनी दाखवले. हवा स्थिर असेल आणि ओला तापमापक सुमारे ३१ अंशांच्या वर असेल, तर स्वस्थ बसलेल्या माणसाचेही शरीर तापू लागते.

आपल्याकडे हा प्रश्न साळखात्यात उभा होता. कोरड्या हवेत सूत तुटते, दमट हवेत त्याची ताकद वाढते. म्हणून मुंबईच्या गिरण्यांत मागांच्या खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवत, पुष्कळदा थेट वाफ सोडून. सुताला जे मानवे तेच विणकराला छळे. टी. मॅलोनी यांचा भारतीय कापडगिरण्यांतील आर्द्रीकरणावरील अहवाल १९२३ मध्ये निघाला तो याच पेचातून. माझगावच्या गोदीशी नाते असलेल्या आगबोटींवर कोळसा टाकणाऱ्या आगवाल्यांचे हालही असेच. भट्टीपुढे भरपूर पाणी पिऊनही आगवाल्यांना पेटके येत. खाणकामगारांच्या अशाच पेटक्यांचे कारण घामावाटे गेलेले मीठ आहे, हे के. नेव्हिल मॉस यांनी १९२३ मध्ये मांडले.

आता एक गणित करून पाहा. ४०.५ अंश व ४० टक्के आर्द्रतेच्या खोलीत ओला तापमापक सुमारे २९ अंश दाखवतो. मुंबईतली मे महिन्यातली दुपार, ३४ अंश व ७० टक्के आर्द्रता, घेतली तरी आकडा २९ च्याच आसपास येतो! तापलेल्या खोलीत हवाच त्वचेपेक्षा उष्ण असल्याने थोडा भार जास्त, इतकाच फरक. म्हणजे ती महागडी खोली माझगावात वर्षातून काही आठवडे फुकट मिळते.

मग माणसे तिकडे का जातात? उबेने स्नायू व सांधे सैल होतात, ताणाचे व्यायाम सोपे वाटतात. त्वचेकडे रक्त वळल्याने हृदयाचे ठोके वाढतात आणि थोडक्या कष्टात खूप काही केल्यासारखे वाटते. वर्गानंतर काटा खाली आलेला दिसतो, पण ते वजन पाण्याचे. एक लाभ खरा : एक-दोन आठवडे रोज उष्णतेत राहिले की रक्तातील द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यात मीठ कमी जाते. पण २०१८ मध्ये टेक्सास स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी मध्यमवयीन, बैठ्या सवयीच्या लोकांकडून १२ आठवडे तीच आसने ४०.५ आणि २३ अंशांत करून घेतली, तेव्हा रक्तवाहिन्यांच्या प्रसरणक्षमतेत दोन्ही गटांत सुधारणा आढळली. लाभ व्यायामाचा होता, त्यासाठी खोली तापवण्याची गरज पडली नाही. गरोदर स्त्रिया, हृदयविकार असलेले आणि लघवी वाढवणारी औषधे घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा खोलीत जाऊ नये. शिवाय चक्कर आल्यास वर्गातला माणूस दार उघडून बाहेर पडू शकतो. साळखात्यातल्या विणकराला ती मुभा नव्हती.

शाळेत हे पाहण्यासाठी दोन साधे तापमापक पुरतात. एकाच्या फुग्याला मलमलीची ओली चिंधी गुंडाळा, पुठ्ठ्याने वारा घाला आणि दोन्ही आकडे लिहा. जून महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, कवायतीच्या तासाला मैदानावर हे करा. ओला तापमापक २८ च्या वर गेला असेल तर त्या दिवशी मुलांना सावलीत घ्या, पाणी प्यायला लावा आणि धावण्याच्या फेऱ्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा.