निनावी हात

पूर्वीच्या परभणी जिल्ह्यातील, १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात असलेले नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. गोरोबा कुंभारांनी थापटण्याने पारख करून नामदेवांना ‘कच्चे मडके’ ठरविले, ही आख्यायिका आपल्या मुलुखात घरोघरी ठाऊक आहे. संतपरंपरेने कुंभाराचे नाव जपले. कलेच्या इतिहासाने ते क्वचितच जपले.

१८५७ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी १८७० च्या दशकात कुंभारकामाची कार्यशाळा उभारली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील आकृती तेथील झिलईदार भांड्यांवर उतरल्या. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात अशी भांडी जतन केलेली आहेत. टेरींचे नाव ग्रंथांत राहिले. चाक फिरविणारे हात बहुतांशी निनावीच राहिले.

स्वीडनमधील बर्न्ट फ्रीबर्ग हे गुस्ताव्सबर्ग कारखान्यात आधी इतरांच्या कल्पनेतील भांडी घडवीत. १९४० च्या दशकात स्वतंत्र कार्यशाळा लाभल्यावर त्यांच्या भांड्यांवर त्यांची स्वतःची सही आली.

यिर्मया संदेष्टा कुंभाराच्या घरी गेला. त्या कुंभाराचे नाव पवित्र शास्त्रात नाही. परमेश्वराला मात्र ते ठाऊक आहे. आपल्या गावच्या कुंभाराचे नाव आपणांस ठाऊक आहे काय?