बूस्टच्या पितळी व्हॉल्व्हची कुळकथा

टर्बो गाडीची ताकद घरच्या घरी वाढवायची म्हटलं की हात आधी जातो तो एका बारीक रबरी नळीकडे. ही नळी टर्बोच्या कॉम्प्रेसरपासून निघते आणि पत्र्याच्या एका डबीत शिरते. डबीत पातळ पडदा, त्याला दाबून धरणारी स्प्रिंग, पडद्याला जोडलेली सळई आणि सळईच्या टोकाला वेस्टगेटची झडप. कोंबलेल्या हवेचा दाब ठरावीक मर्यादेला पोचला की पडदा सरकतो आणि झडप उघडते. मग इंजिनातून निघालेला तापलेला वायू टर्बाइनला वळसा घालून थेट बाहेर जातो. पाटाला पाणी जादा झालं की शेतकरी बांधाला वाट करून ते बाजूला काढून देतो, तसंच हे काम.

या नळीच्या मध्ये बसवायचा छोटा पितळी व्हॉल्व्ह म्हणजे मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर. बूस्ट म्हणजे टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब. टर्बोची गोष्ट सांगताना लोक वाढलेल्या अश्वशक्तीचे आकडे सांगतात. माझ्या मते टर्बोचा खरा इतिहास आहे तो ती ताकद आवरण्याचा, आणि या व्हॉल्व्हचं कूळही त्यातच सापडतं.

वाया जाणाऱ्या एक्झॉस्टवर टर्बाइन फिरवून इंजिनात जास्त हवा भरण्याची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याची. त्याचं पेटंट १९०५ चं. पुढे १९१८ मध्ये सॅनफोर्ड मॉस या अमेरिकन अभियंत्यानं लिबर्टी विमान-इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवर चढवलं. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन चौदा हजार फुटांवरच्या विरळ हवेत २३० पर्यंत घसरलं होतं. टर्बो जोडल्यावर त्यानं ३५६ अश्वशक्ती दिली.

पण विमान खाली उतरलं की हवा पुन्हा दाट होते. तेव्हाही टर्बो तसाच फिरत राहिला तर इंजिन फुटायचं. म्हणून वायू बाहेर सोडणारी झडप आली आणि ती सांभाळायचं काम वैमानिकावर पडलं. बी-१७ बॉम्बफेकी विमानात ही झडप सुरुवातीला तेलाच्या दाबावर चालायची. उंचावरच्या थंडीत ते तेल घट्ट व्हायचं आणि झडप सुस्तावायची. दुसऱ्या महायुद्धात हनीवेलनं तेलाच्या जागी इलेक्ट्रॉनिक नियंत्रण दिलं, आणि चारही इंजिनांचा बूस्ट आकडे कोरलेल्या एकाच बटणावर आला. पुढे गॅरेजमध्ये स्क्रू फिरवून बूस्ट ठरवणाऱ्या माणसाचा हा पूर्वजच.

मोटारीत टर्बो आला १९६२ मध्ये, अमेरिकेत, जनरल मोटर्सच्या दोन गाड्यांमधून. शेव्हरले कॉर्व्हेअरला वेस्टगेट नव्हतंच. कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर यांनी हवेची वाट अडवून ठेवायची, एवढाच तिचा लगाम. ओल्ड्समोबिल जेटफायरला वेस्टगेट होतं, शिवाय इंजिनात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारण्याची सोय होती. दाबलेली हवा तापते, आणि तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधी भडकून पिस्टनवर घाव घालतं. ते टाळायला हा फवारा. मालकांनी मिश्रणाची टाकी वेळच्या वेळी भरायची होती. बऱ्याच जणांनी ती भरली नाही. तक्रारी वाढल्या, आणि डीलर टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देऊ लागले.

या अपयशातून उत्तम धडा घेतला तो साबनं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या साब ९९ टर्बोमध्ये टर्बो मुद्दाम लहान ठेवला होता. तो कमी वेगातच दाब देई आणि दाब जास्त व्हायच्या आत वेस्टगेट त्याला थांबवी. रोज ऑफिसला नेता येईल अशी टर्बो गाडी यातून उभी राहिली. पोर्शेच्या ९३५ या शर्यतीच्या गाडीत मात्र बूस्टचं बटण थेट चालकाच्या हाताशी होतं.

घरगुती व्हॉल्व्हचं माहेर आहे अमेरिकेतलं इलिनॉय. तिथल्या नॉर्मल नावाच्या गावात मित्सुबिशी आणि क्रायस्लर यांनी डायमंड-स्टार मोटर्स हा एकत्रित कारखाना काढला. १९९० च्या मॉडेलपासून तिथून मित्सुबिशी एक्लिप्स आणि ईगल टॅलन बाहेर पडल्या. त्यांच्या सर्वांत ताकदवान आवृत्तीत दोन लिटरचं ४जी६३ इंजिन, टर्बो, चारही चाकांना ताकद आणि १९५ अश्वशक्ती. काही वर्षांत या गाड्या वापरलेल्या बाजारात तरुणांच्या आवाक्यात आल्या. महागडा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर परवडत नसलेल्या या मंडळींनी डबीतल्या पडद्याला फसवायचं ठरवलं.

पहिली युक्ती सोपी. नळीला टी-जोड लावायचा आणि त्यावर मत्स्यालयाच्या हवेच्या नळीवर असतो तसला छोटा कॉक बसवायचा. थोडी हवा गळते, डबीला दाब कमी भासतो, झडप उशिरा उघडते. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब साधारण १ बार. टर्बोनं त्यावर ०.७ बार घातला तर एकूण १.७, आणि १ बार घातला तर २. कॉक जरासा फिरवला की इंजिनात एवढी जास्त हवा! पण झडप आधीपासूनच किलकिली होत असल्यानं दाब सावकाश चढायचा. मग कुणाच्या तरी हाती ग्रेंजर या औद्योगिक सामानाच्या विक्रेत्याकडचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह आला. आत गोळी आणि स्प्रिंग. ठरलेला दाब येईपर्यंत गोळी नळी पूर्ण बंद ठेवते, त्यामुळे झडप घट्ट मिटलेली राहते आणि बूस्ट झटकन चढतो. गोळीच्या पलीकडे, डबीच्या बाजूला सुईएवढं भोक पाडायचं, म्हणजे डबीत अडकलेली हवा निघून जाते. या गाड्यांच्या मालकांत त्याचं नाव ग्रेंजर व्हॉल्व्ह असंच पडलं. दुकानात दुसऱ्याच कामासाठी ठेवलेली वस्तू उचलून इतकी नेमकी वापरणाऱ्यांच्या बुद्धीचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आवर सैल केल्याची किंमतही त्यांनीच मोजली. हवा वाढली पण पेट्रोल पुरेना, म्हणून मोठे इंधनपंप आले. हवा फार झाली की गाडीचा कॉम्प्युटरच इंधन तोडून टाकी आणि भर वेगात गाडी गचका खाई. तीन इंची एक्झॉस्ट बसवल्यावर तर वेस्टगेटचं भोकच अपुरं पडू लागलं. व्हॉल्व्हला हात न लावताही दाब चढत राही. त्यावर उपाय म्हणजे टर्बो खोलून ते भोक ग्राइंडरनं रुंद करणं. फुटलेल्या पिस्टनांमधून कामाचा क्रम पक्का झाला: आधी डॅशबोर्डवर बूस्टचा काटा, मग एक्झॉस्ट, मग इंधनपंप, आणि पितळी व्हॉल्व्ह सर्वांत शेवटी. काटा नसताना व्हॉल्व्ह फिरवणं म्हणजे इंजिन पणाला लावणं, असं मी ठामपणे म्हणेन.

आता कित्येक नव्या टर्बो गाड्यांमध्ये ती नळी आणि पडद्याची डबी दोन्ही नाहीत. वेस्टगेटची झडप छोटी विजेची मोटर हलवते आणि किती उघडायची ते कॉम्प्युटर ठरवतो. तिथे बूस्ट वाढवायचा तर लॅपटॉप जोडून कॉम्प्युटरमधले आकडे बदलावे लागतात. जुन्या एक्लिप्स आणि टॅलनवर मात्र पितळी व्हॉल्व्ह अजून बसवले जातात. ग्रेंजरकडे जायची गरज उरलेली नाही. गोळी, स्प्रिंग आणि भोक तयार असलेले व्हॉल्व्ह आता विकतच मिळतात.