गंधवानीच्या डोंगरांतील वणवा आणि मनाई

माळव्याचे पठार दक्षिणेकडे जाता जाता विंध्याच्या कड्यापाशी संपते आणि तेथून तुटक डोंगररांगांनी निमाडच्या सखल, उष्ण मुलखात उतरते. या उतारावर, अमझेरा, बाग, कुक्षी आणि मनावर या जुन्या कसब्यांच्या दरम्यान, धार जिल्ह्यातील गंधवानीचा प्रदेश पसरलेला आहे. वस्ती बहुतांशी भिल्ल आणि भिलाल्यांची, घरे एका ठिकाणी दाटलेली नसून टेकडी-टेकडीवर विखुरलेली, आणि रान साग, अंजन, सालई, धावडा, मोह, टेंभुर्णी व पळस यांचे. वर्षाचा पाऊस तीस-पस्तीस इंचांच्या आसपास, आणि तोही सगळा मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांत पडून जातो. मार्गशीर्षात कुसळीचे गवत पिवळे पडते, माघापासून सागाची थोर पाने गळून जमिनीवर त्यांचा जाड थर साचतो, आणि फाल्गुनात उन्हाबरोबर वारा सुटू लागला म्हणजे हा सगळा डोंगर एका ठिणगीची वाट पाहत उभा असतो.

हा काळ नवा नाही आणि ही आगही नवी नाही. मात्र या रानात आग कोणी लावावी, केव्हा लावावी आणि भडकलेली आग कोणी विझवावी, या तीन प्रश्नांची उत्तरे राज्यागणिक बदलत गेली आहेत, आणि त्या बदलांचा इतिहास सनदा व लढायांच्या इतिहासाहून कमी महत्त्वाचा नाही, असे माझे मत आहे.

बाजीराव पेशव्यांच्या कारकिर्दीत माळव्याची वाटणी शिंदे, होळकर आणि पवार यांच्यात झाली. धार आनंदराव पवारांकडे आली आणि देवास तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंच्या थोरल्या व धाकट्या पातींकडे गेली. धारच्या दरबारी मोडी दप्तर सुरू झाले, मराठी कारकुनांची घराणी तेथे स्थिरावली, आणि इ. स. १७७५ साली धारच्या किल्ल्यातच दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. परंतु दप्तराची सत्ता विंध्याच्या घाटापाशी पातळ होत असे. या डोंगराळ पट्ट्यात कुक्षी धारची, मनावर आणि बाग ग्वाल्हेरकर शिंद्यांच्या ताब्यात, नर्मदाकाठचा चिखलदा होळकरांचा, आणि या सर्वांच्या सांदीकोपऱ्यांत भिलाला भूमियांच्या, म्हणजे डोंगरी सरदारांच्या, लहान लहान जहागिऱ्या, अशी सरमिसळ होती. १८५७ च्या उठावात सामील झाल्याबद्दल अमझेऱ्याचे राजा बख्तावरसिंग यांना १८५८ साली इंदुरात फाशी देण्यात आले आणि त्यांचे अमझेरा ग्वाल्हेरकडे गेले, तेव्हा ही सरमिसळ संपली नाही, तिचे केवळ धनी बदलले. एकाच डोंगराच्या तीन उतारांवर तीन दरबारांचा अंमल असला, तर एका उतारावरची मनाई दुसऱ्या उतारावर कोण मानणार? वणव्याला तर कोणत्याच दरबारची हद्द ठाऊक नव्हती.

मराठी राज्यकर्त्यांना रान राखण्याची कल्पना अपरिचित होती असे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात रयतेची आंबा-फणसादी झाडे बळाने तोडू नयेत, अशी सक्त ताकीद आहे. दरबारी घोड्यांसाठी कुरणे राखली जात, आणि सरदारांच्या शिकारीसाठी रमणे असत. कुरणाच्या गवतास आग लागू न देणे हे राखणदाराचे पहिले कर्तव्य होते, कारण गवत जळाले की पागा उपाशी राहत असे. पण ही राखण कुरणापुरती, रमण्यापुरती होती. डोंगराच्या उरलेल्या अफाट विस्ताराला आग लावू नका, असा हुकूम भिलांना काढण्याची इच्छा किंवा ताकद त्या काळी कोणाच्याही दरबारात नव्हती.

आणि भिलांना आगीची गरज होती. तिच्याकडे अडाणीपणा म्हणून पाहणाऱ्यांनी एकदा मोहाखालचे काम पाहावे. मोहाची फुले रात्रीच्या उत्तरार्धात गळू लागतात आणि उजाडेपर्यंत खाली सडा पडतो. ती रसाळ, फिकट पिवळी फुले वाळलेल्या पाचोळ्यात पडली तर सापडत नाहीत, आणि सापडली तरी माती-काडीसकट टोपलीत येतात. म्हणून फुले पडण्याचा हंगाम येण्याआधी बायामाणसे झाडाखालची पाने झाडून त्यांचा ढीग करतात आणि तो पेटवून देतात, की जमीन अंगणाइतकी स्वच्छ व्हावी. काम पहाटे, दहिवर असताना, ढिगापाशी कोणी उभे राहून केले तर ज्योत गुडघ्याएवढी उठते आणि घटकाभरात राख होऊन बसते. तेच काम दहा-अकरा वाजता, वारा सुटल्यावर, ढीग तसाच धुमसत ठेवून माणूस पुढच्या झाडाकडे गेला, तर पेटलेले एक सागाचे पान उडून कुसळीत पडते आणि तेथून आग चढाच्या दिशेने धाव घेते, कारण वरचे गवत खालच्या ज्वाळेने आधीच तापून वाळलेले असते. ही सारी विद्या मोह वेचणाऱ्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक असते. मोह हा या लोकांच्या दुष्काळातील आधार होता. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९–१९०० चा छप्पन्या दुष्काळ या भिलवट मुलखात अत्यंत भयंकर ठरला, आणि अशा काळात मोहाचे एक झाड एका घरच्या चुलीला जगवीत असे, हे लक्षात घेतले म्हणजे त्याखालची जमीन स्वच्छ ठेवण्याची निकड ध्यानात येते. याशिवाय नवे गवत लवकर फुटावे म्हणून, टेंभुर्णीला कोवळी पाने यावीत म्हणून, उतारावरच्या शेताला राख मिळावी म्हणून आग लावली जाई. मेवाडच्या भिलांत तर नवस फेडण्यासाठी डोंगराला अग्निस्नान घालण्याची चाल होती.

१८१८ नंतर सर जॉन माल्कम यांनी माळव्याचा बंदोबस्त हाती घेतला, तेव्हा मांडवगडाजवळच्या नालछ्याला मुक्काम करून त्यांनी भिल्ल व भिलाला प्रमुखांशी प्रत्यक्ष बोलणी केली. जमनियाच्या नादिरसिंगासारख्या बलाढ्य भूमियाशीही त्यांना व्यवहार करावा लागला. या बंदोबस्ताचे तत्त्व साधे होते: भूमियाला दरबारकडून तनखा मिळावा, त्याचा हक्क मान्य व्हावा, आणि त्या बदल्यात घाटातील वाटा सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी त्याने घ्यावी. ज्याच्याकडे रानाचा हक्क, त्याच्याकडेच रानाची रखवाली. हे तत्त्व चोरी-दरोड्यापुरते वापरले गेले. वणव्याच्या बाबतीत ते वापरावे असे पुढच्या पिढीतील अधिकाऱ्यांना सुचले नाही, आणि मला वाटते की येथेच मोठी संधी हातातून गेली.

पुढच्या पिढीने उचलला तो वेगळाच मार्ग. रेल्वेच्या स्लीपरांसाठी साग हवा होता, आणि साग जळत असलेला सरकारला पाहवेना. नर्मदेपलीकडे, सातपुड्यातील बोरीच्या जंगलात, कर्नल पिअर्सन यांनी १८६० नंतरच्या दशकात आग रोखण्याचा पहिला नेटका प्रयोग केला. तो यशस्वी झाला आणि हिंदुस्थानभर त्याचा नमुना गेला. प्रयोगाची रीत अशी: पावसाळा सरल्यावर रानाच्या कडेने दोन समांतर पट्टे कापायचे, मधले गवत उभे वाळू द्यायचे, आणि थंडीच्या दिवसांत, वारा पडलेला असताना, माणसे दोन्ही बाजूंनी हिरव्या फांद्या घेऊन उभी करून ते मधले गवत जाळून टाकायचे. उरते ती उघडी जमिनीची जाळरेषा, जिच्यापाशी उन्हाळ्यातील वणवा येऊन मरतो. म्हणजे आगीने आगीला अडवण्याची कला सरकारनेही वापरलीच. फरक एवढाच, की सरकारने लावलेली आग बंदोबस्त ठरली आणि भिल्लाने लावलेली आग गुन्हा.

गुन्ह्याची व्याख्या कायद्याने केली. १८६५, १८७८ आणि १९२७ अशा तीन टप्प्यांनी भारतीय वन अधिनियम घट्ट होत गेला, आणि मध्य हिंदुस्थानातील संस्थानांनीही त्याच नमुन्यावर आपापली राखीव जंगले आखली. १९२७ च्या कायद्याचे २६ वे कलम आजही वाचण्यासारखे आहे. राखीव वनास आग लावणे हा गुन्हा आहेच. पण वनाधिकाऱ्याने जाहीर केलेल्या मोसमाखेरीज वनात विस्तव पेटवणे, ठेवणे किंवा नुसता बाळगून नेणे हाही गुन्हा आहे. मूळ कायद्यात शिक्षा सहा महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड, अथवा दोन्ही. त्याच कलमात पुढे असे आहे, की जाणूनबुजून किंवा घोर हयगयीने राखीव वनात वणवा पेटला, तर त्या वनातील चराईचे आणि वनोपजाचे सर्व हक्क सरकारला वाटेल तितक्या मुदतीसाठी तहकूब करता येतात. एकाच्या हातून ठिणगी पडावी आणि शिक्षा साऱ्या पंचक्रोशीच्या गुरांना व्हावी! शिवाय ७९ वे कलम सांगते, की ज्यांचे वनात हक्क आहेत त्यांनी वणव्याची खबर द्यावी आणि तो विझवण्यास धावून जावे. जबाबदारी कायम राहिली. हक्क मात्र मर्जीवर अवलंबून राहिले.

याचे परिणाम ठिकठिकाणी दिसले. ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्यांनी भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याच्या हक्कासाठी इतका आवाज उठवला, की मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. विसाव्या शतकाच्या आरंभी डांगच्या भिलांनी राखीव केलेल्या रानांना आगी लावल्या. १९२१ मध्ये कुमाऊँच्या डोंगरांत चीड वृक्षांची अरण्ये जनतेनेच पेटवली, तेव्हा सरकारने तक्रारींची चौकशी करून पुष्कळ निर्बंध सैल केले, आणि १९३१ च्या नियमांनी तेथे वनपंचायती उभ्या राहिल्या. ज्या रानावर आपला हक्क उरला नाही ते जळताना पाहून माणूस हळहळत नाही, ही गोष्ट या सर्व प्रसंगांतून स्पष्ट दिसते.

खुद्द वनशास्त्रातही शंका उत्पन्न झाल्या होत्या. ब्रह्मदेशातील सागवनांत आगीला पुरती बंदी केल्यावर सागाची नवी रोपे वाढण्याऐवजी इतर झाडोऱ्याने गुदमरू लागली, हे स्लेड या वनाधिकाऱ्याने १८९६ सालीच लिहिले होते. अमेरिकेत १९१० च्या उन्हाळ्यात आयडाहो आणि मोंटाना या राज्यांत सुमारे तीस लाख एकर रान जळाले. त्या धक्क्याने तेथील राष्ट्रीय वनांच्या खात्याने प्रत्येक आग दिसताच विझवण्याचे धोरण धरले, आणि १९३५ मध्ये तर आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे असा दंडक घातला. चार दशकांनी तो दंडक सोडावा लागला, कारण दरवर्षीच्या लहान आगी थांबवल्याने जळण साचत गेले. आजही तेथे कोरड्या ऋतूत शेकोटीला बंदी होते, प्रसंगी सारे वन लोकांना बंद केले जाते. पण तेथे वनात येणारा बहुधा सुट्टीचा प्रवासी असतो. बंदी झाली तर तो घरी बसतो. गंधवानीत वनात जाणाऱ्या बाईचे घरच वनाच्या कडेला आहे, आणि मोहाचा हंगाम नेमका बंदीच्याच महिन्यांत येतो.

२८ मे १९४८ रोजी मध्य भारताचे संघराज्य अस्तित्वात आले, धार, देवास, ग्वाल्हेर आणि इंदूर ही संस्थाने त्यात विलीन झाली, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारतही नव्या मध्य प्रदेशात मिसळला. हद्दींचा घोळ संपला, हे मोठेच काम झाले. वनखाते मात्र तेच राहिले, कायदा १९२७ चाच, आणि गावाच्या दृष्टीने सरकार म्हणजे पूर्वीसारखाच नाकेदार, म्हणजे वनरक्षक. १९६४ मध्ये तेंदूपत्त्याचा, म्हणजे टेंभुर्णीच्या पानांचा, व्यापार सरकारने हाती घेतला. जवळच्याच सरदारपूरला १९८३ साली खरमोर पक्ष्यासाठी गवताळ रानाचे अभयारण्य झाले, तेव्हा त्याच्या हद्दीत आलेल्या शेतकऱ्यांना स्वतःची जमीन विकणेही वर्षानुवर्षे अशक्य झाले. पक्ष्याचे रक्षण आवश्यकच होते. परंतु ज्यांच्या शेतात तो पक्षी अंडी घालतो, त्यांच्याशी सल्लामसलत केल्यावाचून ओढलेली रेघ पक्ष्याला वैरी मिळवून देते.

आता मध्य प्रदेशात १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत अग्निकाळ मानला जातो. २००४ पासून डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगीची वर्दी राज्यांना देते, आणि नाकेदाराच्या मोबाइलवर अक्षांश-रेखांशासह संदेश येतो. ही सोय स्तुत्य आहे यात शंका नाही. पण संदेश आल्यावर डोंगर चढून हिरव्या फांदीने ज्वाळा झोडपायला माणसे लागतात, आणि याच महिन्यांत गंधवानीकडची कितीतरी कर्ती माणसे मजुरीसाठी गुजरातेत गेलेली असतात. होळीआधीच्या भगोरियाच्या हाटाला ती येतात, होळी करतात आणि परत जातात. मागे उरतात म्हातारी माणसे, मुले आणि मोह वेचणाऱ्या बायका, म्हणजे ज्यांच्यावर संशय घेतला जातो नेमकी तीच माणसे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला आपल्या सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे. गंधवानी तालुका संविधानाच्या पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात आहे, आणि १५ नोव्हेंबर २०२२ पासून मध्य प्रदेशात पेसा कायद्याचे, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींच्या कायद्याचे, नियमही लागू आहेत. तेव्हा नवीन कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. माझी धारच्या अधिकाऱ्यांना विनंती एवढीच आहे: अग्निकाळाची मनाई कचेरीच्या फळ्यावर हिंदीत लावून थांबू नका. माघातच ग्रामसभा बोलवा, तेथल्या लोकांच्या भिली-निमाडीत बोला, मोहाखालचा पाचोळा कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आणि कोणाच्या देखरेखीखाली जाळायचा हे त्या वेचणाऱ्या बायकांकडूनच ठरवून घ्या, आणि जाळरेषेच्या कामाची व रखवालीची मजुरी गावातच द्या, म्हणजे निदान काही माणसे त्या चार महिन्यांत गुजरातेस न जाता डोंगरावर राहतील.