जिजाबाई नेमक्या कोणत्या? इतिहासातील एकाच नावाच्या तीन स्त्रिया

जिजाबाई म्हटले की शिवाजी महाराजांच्या मातोश्री आठवतात. पण मराठ्यांच्या इतिहासात हे नाव आणखी दोन महत्त्वाच्या स्त्रियांचेही आहे. नावसाधर्म्यामुळे त्यांची ओळख मागे पडते, आणि कधी एकीची माहिती दुसरीच्या नावावर जाते.

राजमाता जिजाऊ (१५९८–१६७४)

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे त्यांचे जन्मगाव. वडील लखुजी जाधव, आई म्हाळसाबाई. १२ जानेवारी १५९८ ही त्यांची जन्मतारीख मानली जाते आणि त्या दिवशी सिंदखेडराजाला मोठी गर्दी होते. १६२९ मध्ये निजामशहाच्या दरबारात लखुजी व त्यांच्या मुलांची हत्या झाली. पुढच्याच वर्षी शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. राज्याभिषेक पाहून अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, रायगडाजवळच्या पाचाड येथे जिजाऊंचे निधन झाले. त्यांची समाधी तिथेच आहे.

‘आऊ’ म्हणजे आई, म्हणून जिजाऊ. जिजामाता, जिजाई ही रूपेही प्रचलित आहेत.

देहूच्या जिजाई

संत तुकारामांच्या दुसऱ्या पत्नी. माहेर पुण्याच्या गुळवे घराण्यातले. लोक त्यांना ‘आवली’ या नावाने जास्त ओळखतात. कीर्तनातून त्यांचा तापट स्वभाव रंगवला जातो; पण विठ्ठलभक्तीत रमलेल्या नवऱ्याचा संसार त्यांनीच ओढला. भंडारा डोंगरावर त्या तुकोबांसाठी भाकरी घेऊन जात, अशी कथा आहे. त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळ्याची प्रथा सुरू केली.

कोल्हापूरच्या राणी जिजाबाई

सर्वांत कमी माहिती असते ती यांची. छत्रपती राजाराम महाराजांचे पुत्र, कोल्हापूरचे संभाजी महाराज, यांच्या त्या पत्नी. हे संभाजी म्हणजे शिवाजी महाराजांचे नातू. त्यांचे पुत्र छत्रपती संभाजी महाराज ते वेगळे. १७६० मध्ये कोल्हापूरचे संभाजी महाराज वारले तेव्हा गादीला वारस नव्हता. कोल्हापूरचे राज्य पेशव्यांच्या ताब्यात जाण्याची भीती होती. जिजाबाईंनी ते होऊ दिले नाही. १७६२ मध्ये दत्तकपुत्र शिवाजी गादीवर आले. ते लहान असल्याने कारभार जिजाबाईंच्याच हाती राहिला. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, तो पुढच्याच वर्षी कोल्हापूरकडे परत आला. १७७३ मध्ये त्यांचे निधन झाले.

मुंबईतील नावे कोणाची?

मुंबईतील राणीच्या बागेचे अधिकृत नाव ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’ आहे. माटुंग्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटचे नाव १९९७ मध्ये ‘वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट’ झाले. ‘व्हीजेटीआय’ ही आद्याक्षरे मात्र तीच राहिली. दोन्ही नावे सिंदखेडराजाच्या जिजाऊंची आहेत.

ओळखायचे कसे?

सन आणि गाव पाहा. सिंदखेडराजा, पुणे, पाचाड आणि १६७४ पर्यंतचा काळ असेल तर राजमाता. देहू आणि तुकोबा असतील तर आवली. कोल्हापूर आणि १७६० नंतरचा कारभार असेल तर राणी जिजाबाई. ही पोस्ट पुढे पाठवण्याआधी एवढे पाहिले, तर एकीचे श्रेय दुसरीला जाणार नाही.