मुठीत मावणारा फोन: एका आकाराच्या बाजारपेठेचा इतिहास

हातात धरून वापरण्याच्या फोनचा इतिहास सहसा तंत्रज्ञानाच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु त्यातील आकाराचा धागा वेगळा काढून पाहिला, तर लहान फोनची प्रतिष्ठा गेल्या चाळीस वर्षांत दोनदा पालटलेली दिसते. विसाव्या शतकाच्या अखेरीस लहान फोन हा श्रीमंतांचा होता, 2010 नंतरच्या काही वर्षांत तो बेताच्या ऐपतीच्या माणसाचा झाला आणि 2020 च्या सुमारास पुन्हा सधन, पण संख्येने थोड्या ग्राहकांची हौस होऊन बसला. या शेवटच्या टप्प्यातच त्याचा बाजार आटला. कंपन्यांनी मनमानी करून लहान फोन बंद पाडले, अशी चाहत्यांची तक्रार असते, तर लोकांना तो नकोच होता, असे कंपन्यांचे विक्रीचे आकडे सांगतात. या दोन्ही म्हणण्यांत थोडे तथ्य असले, तरी खरे कारण समजण्यासाठी त्या त्या काळी फोनवर कोणते काम होत होते आणि तो घेणाऱ्याच्या घरी दुसरा पडदा होता की नव्हता, हे पाहावे लागते.

स्मार्टफोनपूर्व काळाविषयी फार सांगण्यासारखे नाही. 1983 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला मोटोरोलाचा डायनाटॅक पाऊण किलोहून जड होता आणि त्याची किंमत 3,995 डॉलर होती. 1996 मधील स्टारटॅक 88 ग्रॅमवर आला आणि 1999 मधील नोकिया 8210 तर 80 ग्रॅमच्याही आत होता. फोनचे काम बोलण्यापुरते मर्यादित असल्यामुळे पडद्याला महत्त्व नव्हते आणि तेच यंत्र लहान करून दाखवणे हे कारागिरीचे व म्हणून चढ्या किमतीचे लक्षण मानले जात होते.

2007 मध्ये ॲपलने आयफोन बाजारात आणला तेव्हा त्याचा पडदा 3.5 इंचांचा होता. पडद्याचे हे माप लांबी किंवा रुंदीचे नसून एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतच्या तिरप्या रेषेचे, म्हणजे कर्णाचे असते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे, कारण पुढे याच मापाने बराच घोळ घातला. जुलै 2010 मध्ये ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी मोठ्या फोनांची जाहीर थट्टा केली होती आणि ज्याच्याभोवती हाताची पकड बसत नाही असा फोन कोणी घेणार नाही, असे मत मांडले होते. त्याच वर्षी सोनी एरिक्सनने एक्सपीरिया एक्स10 मिनी हा अवघ्या 2.55 इंची पडद्याचा, 83 मिलिमीटर लांब आणि 50 मिलिमीटर रुंद असा अँड्रॉइड फोन काढला. मोठ्या फोनची मांडणी आक्रसून लहान पडद्यावर बसवण्याऐवजी त्यात पडद्याच्या चार कोपऱ्यांना चार मुख्य कामे नेमून दिली होती, त्यामुळे अंगठा हातातल्या हातात कोपऱ्या-कोपऱ्यांत फिरवून फोन चालवता येत असे. लहान फोनसाठी मुळातूनच वेगळा विचार करण्याची ही वाट पुढे कोणत्याही मोठ्या कंपनीने नेटाने चोखाळली नाही, आणि या बाजाराच्या इतिहासातील ही सर्वांत खेदाची गोष्ट म्हणावी लागेल.

सप्टेंबर 2011 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात सॅमसंगने 5.3 इंचांचा गॅलेक्सी नोट दाखवला. जवळजवळ 83 मिलिमीटर रुंदीचे हे यंत्र कानाला लावणारा माणूस हास्यास्पद दिसतो, असे तेव्हा अनेकांनी लिहिले, आणि फोन व टॅब्लेट यांच्या मधल्या या प्रकाराला ‘फॅब्लेट’ असे काहीसे हेटाळणीचे नाव मिळाले. परंतु नोट खपला. ॲपलने 2012 च्या आयफोन 5 मध्ये पडदा 4 इंचांचा केला, तोही केवळ उंची वाढवून. रुंदी आधीच्या 58.6 मिलिमीटरवरच ठेवून अंगठ्याची पोच हेच माप त्याने जाहिरातीत मिरवले. तथापि 2014 मध्ये सॅमसंगविरुद्धच्या पेटंट खटल्यात ॲपलची अंतर्गत टिपणे न्यायालयासमोर आली, तेव्हा ग्राहकांची वाढती मागणी 4 इंचांपेक्षा मोठ्या आणि स्वस्त फोनांना आहे व ॲपलकडे या दोहोंपैकी एकही नाही, हे कंपनीला पुरते ठाऊक असल्याचे उघड झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 4.7 आणि 5.5 इंचांचे आयफोन 6 व 6 प्लस आले, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या एका तिमाहीत ॲपलचे 7 कोटी 45 लाख आयफोन विकले गेले. या फोनांत एक नवी सोय होती: गोल बटणाला दोनदा हलकेच स्पर्श केला की पडद्याचा वरचा भाग घसरून खाली येत असे. ती सोय देणे म्हणजे अंगठा आता वरपर्यंत पोचत नाही, याची कंपनीनेच दिलेली कबुली होती.

अँड्रॉइडच्या बाजूला याच सुमारास ‘मिनी’ या नावाखाली जे फोन आले, त्यांनी लहान आकाराची अधिक हानी केली. 2013 चा सॅमसंग गॅलेक्सी एस4 मिनी हा एस4 चा धाकटा भाऊ म्हणून विकला गेला, पण त्याचा कॅमेरा, पडदा आणि प्रोसेसर ही तिन्ही अंगे हलकी होती. लहान घ्यायचे तर दुय्यम घ्यायचे, ही समजूत ग्राहकांच्या मनात त्यातूनच रुजली. सोनीने जानेवारी 2014 मध्ये 4.3 इंचांच्या एक्सपीरिया झेड1 कॉम्पॅक्टमध्ये मोठ्या झेड1 चाच प्रोसेसर आणि 20.7 मेगापिक्सेलचा कॅमेरा देऊन ही समजूत मोडण्याचा प्रयत्न केला. ही मालिका 2018 च्या एक्सझेड2 कॉम्पॅक्टपर्यंत चालली, मात्र सोनीचा एकंदर फोन-व्यवसायच तोवर आक्रसला होता.

भारतात या घडामोडीला निराळे वळण लागले आणि ते अधिक बोलके आहे. येथे लहान स्मार्टफोन आला तो स्वस्त फोन म्हणून. 2011 मधील सॅमसंग गॅलेक्सी वाय हा 3 इंची, सात-आठ हजार रुपयांचा फोन म्हणजे अनेक घरांतला पहिला टचस्क्रीन होता. त्याच्या अंधूक पडद्यावर मजकूर वाचणे कष्टाचे आणि मराठी लिहिणे त्याहून कष्टाचे होते. साठ मिलिमीटरच्या आतल्या रुंदीत दहा कळांची ओळ बसवली की एका कळीच्या वाट्याला पाच-सहा मिलिमीटर येतात, आणि देवनागरीत स्वर, मात्रा व जोडाक्षरे यांमुळे कळांची संख्या रोमन लिपीपेक्षा बरीच वाढते. 2012 च्या अखेरीस मायक्रोमॅक्सने 5 इंचांचा कॅनव्हास 2 सुमारे दहा हजार रुपयांत आणला आणि मोठा पडदा ही चैन न राहता मध्यमवर्गाच्या आवाक्यातली वस्तू झाली.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर डेटाचे दर कोसळले आणि व्हिडिओ पाहणे हे फोनचे मुख्य काम बनले. ज्या घरात संगणक नाही, दूरचित्रवाणी संच एकच आहे आणि त्याच्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांचा हक्क आहे, त्या घरातल्या तरुणाला फोनचा पडदा हाच स्वतःचा एकमेव पडदा असतो. त्याने तेवढ्याच पैशांत लहान पडदा का घ्यावा, याचे समाधानकारक उत्तर कोणाहीकडे नव्हते. खुद्द जिओने 2017 मध्ये काढलेला बटणांचा जिओफोन 2.4 इंची होता, आणि 2021 च्या अखेरीस आलेला जिओफोन नेक्स्ट 5.45 इंची, 6,499 रुपयांचा होता. दुकानात ‘मोठा पडदा, मोठी बॅटरी’ हीच विचारणा होऊ लागली.

बॅटरीचा मुद्दा येथे थोडा तपशिलाने पाहिला पाहिजे, कारण लहान फोनचा खरा घात त्याच ठिकाणी झाला. फोनचे कवच लहान केले म्हणून आतला कॅमेरा, मुख्य सर्किट, स्पीकर आणि चार्जिंगचे तोंड त्या प्रमाणात लहान होत नाहीत. ते आपली जागा पूर्वीइतकीच व्यापतात आणि जी काही काटछाट होते ती उरलेल्या जागेची, म्हणजे बॅटरीची होते. 2020 च्या आयफोन 12 ची बॅटरी 2,815 मिलिअँपिअर-अवर क्षमतेची होती, तर त्याच अंतर्भागाच्या 12 मिनीची 2,227 ची. लहान पडदा वीज थोडी कमी खातो हे खरे, पण प्रोसेसर आणि नेटवर्कची भूक तेवढीच राहते.

दुसरा मुद्दा मापाच्या घोळाचा. 2017 पासून फोन उभट होऊ लागले आणि उंची-रुंदीचे प्रमाण 16:9 वरून 18:9 व पुढे त्याहूनही अधिक झाले. जुन्या प्रमाणातील 5.5 इंची पडदा आणि नव्या प्रमाणातील 6 इंची पडदा या दोहोंची रुंदी सुमारे 68 मिलिमीटरच भरते. म्हणजे इंचांचा आकडा फुगला तरी पकड तेवढीच राहिली. ज्या गॅलेक्सी नोटला लोक हसले, त्याच्यापेक्षा 2024 चा 6.1 इंची आयफोन 16 रुंदीला 11 मिलिमीटरने कमी आहे. तरीही फोन लांब आणि जड होत गेला, आणि अंगठ्याला वरचा कोपरा दुरावला तो दुरावलाच.

लहान फोनच्या बाजूने दोन मोठे प्रयत्न ॲपलनेच केले. 2015 या एका वर्षात आपण 4 इंची आयफोन 3 कोटी विकले, असे सांगत कंपनीने मार्च 2016 मध्ये आयफोन एसई आणला. 2017 मध्ये बंगळुरूत विस्ट्रॉनच्या कारखान्यात जोडला गेलेला, भारतात तयार झालेला पहिला आयफोनही हाच. दुसरा प्रयत्न म्हणजे ऑक्टोबर 2020 चा 5.4 इंची 12 मिनी. बॅटरी सोडली, तर तो कोणत्याही अंगाने दुय्यम नव्हता, आणि तरीही अमेरिकेतील एका ग्राहक-पाहणीत त्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील आयफोन-विक्रीत त्याचा वाटा 6 टक्केच आढळला. याला काळही कारणीभूत होता. सहाच महिने आधी 4.7 इंचांचा नवा एसई बराच कमी किमतीला आला होता आणि लहान फोनची वाट पाहणाऱ्यांपैकी अनेकांनी तो घेऊन टाकला असावा. शिवाय महासाथीमुळे घरात अडकलेल्या माणसाला खिशाची फिकीर नव्हती. भारतात 12 मिनी 69,900 रुपयांना आणि 12 हा 79,900 रुपयांना होता. सत्तर हजार घालायचेच तर दहा हजार आणखी घालून मोठाच घ्यावा, हा हिशेब येथील गिऱ्हाइकाने केला, तर त्यात नवल नाही. 2021 च्या 13 मिनीनंतर ही मालिका संपली आणि सप्टेंबर 2022 मध्ये तिच्या जागी 6.7 इंची 14 प्लस आला.

मग लहान फोन अजून कोणाला हवा आहे? यातला पहिला मोठा गट स्त्रियांचा आहे. तुर्की समाजशास्त्रज्ञ झेनेप तुफेक्ची यांनी 2013 मध्ये लिहिलेल्या लेखात, इस्तंबूलच्या गेझी पार्कमधील आंदोलनाच्या वेळी अश्रुधुरात एका हाताने फोन धरून छायाचित्र घेणे आपल्याला कसे जमले नाही हे सांगून, फोनचे माप पुरुषी हातावरून ठरते, असा आक्षेप घेतला होता. पाश्चात्त्य देशांत या चर्चेला खिशाचीही जोड असते, कारण तेथे स्त्रियांच्या जीन्सचे खिसे पुरुषांच्या खिशांहून बरेच उथळ शिवले जातात. महाराष्ट्रात साडीला खिसा नसतोच आणि पंजाबी ड्रेसला क्वचित असतो, त्यामुळे फोन पर्समध्ये जातो आणि तक्रार उरते ती हाताची. मुंबईच्या लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभ्या असलेल्या प्रवाशाला दुसऱ्या हातातील साडेसहा इंची फोन करंगळीचा टेकू देऊन तोलावा लागतो आणि वरच्या कोपऱ्यातील खूण दाबायची तर तो तळहातावर सरकवून घ्यावा लागतो. फोन निसटतो तो बहुधा याच क्षणी. दुसरा गट ज्यांच्याकडे लॅपटॉप, टॅब्लेट, दूरचित्रवाणी असे सगळेच आहे, आणि फोनने फक्त फोनचे काम करावे असे ज्यांना वाटते, अशांचा आहे. हे ग्राहक सुस्थितीत असतात, परंतु हाती असलेला फोन चार-पाच वर्षे पुरवून वापरतात आणि म्हणून वार्षिक विक्रीच्या तक्त्यात त्यांचे अस्तित्व फिकट दिसते. ज्येष्ठांना लहान फोन आवडतो असे मानण्याची प्रथा मात्र चुकीची आहे. त्यांना हलका फोन हवा असतो, पण अक्षर मोठे हवे असते.

या विखुरलेल्या मागणीवर काही लहान उद्योगांनी नशीब आजमावले. शांघायच्या युनिहर्ट्झने 2017 मध्ये लोकवर्गणीतून 2.45 इंचांचा जेली हा फोन उभा केला आणि त्या वंशातील फोन पुढेही काढले. रेल्वेत एका हाताने फोन वापरण्याची सवय जडलेल्या जपानमध्ये, गृहोपयोगी यंत्रांसाठी ख्यात असलेल्या बाल्मुडाने 2021 मध्ये 4.9 इंची फोन एक लाख येनांहून अधिक किमतीला आणला; किमतीच्या मानाने आतील सामग्री हलकी असल्याची टीका झाली आणि 2023 मध्ये कंपनीने हा व्यवसाय सोडला. 2022 मध्ये पेबल घड्याळाचे निर्माते एरिक मिगिकोव्स्की यांनी लहान अँड्रॉइड फोनसाठी जाहीर मागणीपत्र काढले आणि त्यावर हजारो सह्या झाल्या. पण पडद्याच्या कारखान्याला एका आकाराची जुळणी परवडण्यासाठी लागणारी संख्या लाखांत असते. तैवानच्या एसुसने 5.9 इंचांचे झेनफोन तीन पिढ्या टिकवले आणि 2024 मध्ये 6.78 इंचांची वाट धरली.

अलीकडे बॅटरीच्या ऋणाग्रात निव्वळ ग्रॅफाइटऐवजी सिलिकॉन-कार्बनचे मिश्रण वापरल्याने तेवढ्याच जागेत अधिक वीज साठू लागली आहे आणि त्यामुळे ‘कॉम्पॅक्ट’ फोन पुन्हा दिसू लागले आहेत. जून 2025 मध्ये भारतात आलेला वनप्लस 13एस हा 5,850 मिलिअँपिअर-अवर बॅटरीचा फोन अशाच नावाखाली विकला गेला. तो 6.32 इंची असून जवळजवळ 72 मिलिमीटर रुंद, म्हणजे आयफोन 13 मिनीपेक्षा साडेसात मिलिमीटरने रुंद आहे. त्याला लहान म्हणणे ही जाहिरातीची भाषा झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये 6.1 इंची आयफोन 16ई आल्यावर ॲपलने 4.7 इंचांचा एसईही बंद केला. परिणामी ज्याला लहान आयफोन हवा आहे, त्याला आता वापरलेला 13 मिनी शोधावा लागतो आणि बहुधा त्याची बॅटरी बदलून घ्यावी लागते.