अँबॅसेडरची तीन इंजिने

अँबॅसेडर मोटार आता रस्त्यावर क्वचितच दिसते. एके काळी मात्र जिल्हाधिकारी कचेरीसमोर उभी असलेली ती पांढरी, गोलसर गाडी साऱ्या महाराष्ट्राच्या ओळखीची होती. ही गाडी कधी बदललीच नाही, असे म्हटले जाते. बाहेरून पाहिले तर ते बरेचसे खरे आहे. बॉनेट उघडले की वेगळा इतिहास दिसतो. जवळजवळ त्याच सांगाड्यात एकामागून एक तीन पिढ्यांची पेट्रोल इंजिने बसली. जुन्या गाडीत अधिक ताकदीचे इंजिन बसवल्याने काय साधते आणि काय साधत नाही, हे वर्गात समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हाला आठवत नाही.

हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी १९४२ साली स्थापन झाली. आरंभी तिचे काम गुजरातेत ओखा बंदरावर चाले. १९४८ साली ते कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे हलले. ब्रिटनमधील मॉरिस गाड्यांच्या नमुन्यांवरून तेथे मोटारी तयार होत. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून १९५८च्या सुमारास अँबॅसेडर आली. गंमत अशी की, गाडीचे रूप नवे असले तरी तिचे पहिले इंजिन आधीच्या ऑक्सफर्डचे होते. ते १४७६ सी.सी.चे आणि सुमारे ४० अश्वशक्तीचे होते.

या इंजिनात झडपा सिलिंडरच्या बाजूला असत. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण बाजूने वर चढून, वळून मग दट्ट्याच्या माथ्यावर येई. त्यामुळे ज्वलनकक्ष पसरट होई. पसरट कक्षात मिश्रण फारसे दाबता येत नाही, आणि ज्योतीला लांबचा पल्ला गाठावा लागतो. अशी रचना करायला सोपी, पण ताकदीला कमी.

१९५९ साली पहिला बदल झाला. नवे इंजिन १४८९ सी.सी.चे, म्हणजे आकारमानाने जुन्याएवढेच होते. पण ताकद ५५ अश्वशक्ती! अवघ्या १३ सी.सी.च्या वाढीने ताकद तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कशी वाढली? झडपा सिलिंडरच्या माथ्यावर गेल्या, म्हणून. मिश्रण थेट वरून येऊ लागले, ज्वलनकक्ष आटोपशीर झाला, दाब वाढवता आला. झडपा उघडणारा कॅमशाफ्ट मात्र खालीच राहिला. तो लांब दांड्यांच्या साहाय्याने त्या उघडत असे.

पुढची तीस वर्षे हेच इंजिन गाडी ओढत राहिले. परवान्यांचे आणि आयातीचे निर्बंध कडक होते, मोटारींना प्रतीक्षायादी होती. ग्राहक थांबायला तयार असताना बदलाची निकड कोणाला वाटणार? १९८०च्या सुमारास डिझेल इंजिनाचा पर्याय आला. त्याची ताकद अवघी ३७ अश्वशक्ती, म्हणजे बदल उलट्या दिशेचा होता. तरी टॅक्सीवाल्यांनी तो पसंत केला, कारण त्यांना वेगापेक्षा इंधनाचा खर्च महत्त्वाचा होता.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि चित्र पालटले. १९८४ साली उत्तरपाड्याहून काँटेसा निघाली. तिचा सांगाडा ब्रिटनमधील व्हॉक्सॉल गाडीचा, मोठा आणि जड. आत मात्र तेच १४८९ सी.सी.चे इंजिन. १९८५ साली मद्रासला तयार झालेल्या स्टँडर्ड २००० या गाडीचीही तीच गत होती. शरीर रोव्हरच्या आधुनिक मोटारीचे, इंजिन १९४०च्या दशकातील आराखड्याचे. ही गाडी १९८८ मध्ये बंद झाली. काँटेसाला मात्र जपानच्या इसुझू कंपनीचे १८१७ सी.सी.चे इंजिन मिळाले आणि ती तरली.

तेच इसुझू इंजिन १९९०च्या दशकाच्या आरंभी अँबॅसेडरमध्ये आले. येथे त्याची ताकद ७५ अश्वशक्ती होती. यात कॅमशाफ्टही माथ्यावर गेला आणि लांब दांड्या नाहीशा झाल्या. हलणारे वजन घटल्याने झडपा अधिक फेऱ्यांनाही बिनचूक उघडझाप करू शकतात. आणखी एक फरक विद्यार्थ्यांकडून फळ्यावर काढून घ्यावा. आधीच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास सुमारे ७३ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ८९ मिलिमीटर होती. इसुझूमध्ये व्यास ८४ आणि धाव ८२. चार सिलिंडरांचे घनफळ काढले की सी.सी.चे आकडे मिळतात. धाव आखूड झाल्याने, फेऱ्या तेवढ्याच असताना दट्ट्याला कमी अंतर तोडावे लागते. व्यास मोठा असल्याने झडपांना जागा मिळते.

ताकद ५५ वरून ७५ झाली, म्हणजे सुमारे ३६ टक्के वाढली. मग कमाल वेगही ३६ टक्के वाढला असेल का? नाही. जोरात धावणाऱ्या गाडीची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १.३६ चे घनमूळ सुमारे १.११ येते. ताशी १०० किलोमीटर धावणारी गाडी फार तर १११ धावेल. गोलसर शरीर तेच राहिले, तर इंजिनाची वाढ हवाच गिळते. नव्या इंजिनाचा खरा लाभ चढावर आणि वेग पकडताना होतो.

ब्रेकचे काय? गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ११ टक्के वाढला, तर थांबवताना ब्रेकना सुमारे २३ टक्के अधिक ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. म्हणून इंजिनाचा बदल एकटा कधीच येत नाही. इसुझूबरोबर पाच गतींचा गिअरबॉक्स आला. क्लच, रेडिएटर, ब्रेक, टायर या सर्वांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

उत्तरपाड्याचा कारखाना मे २०१४ मध्ये थांबला. तिन्ही इंजिनांचे मूळ आराखडे परदेशी होते, दोन ब्रिटनचे आणि एक जपानचे. इंजिन बाहेरून आणून बसवता आले. गाडीचे शरीर मात्र पन्नासहून अधिक वर्षे फारसे बदलले गेले नाही.

वडिलांच्या जुन्या जीपला मोठे इंजिन बसवले तर, असे एखादा विद्यार्थी विचारीलच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, हे त्याला सांगावेच. पण त्याआधी वर्ग आणि घन यांची ही दोन उदाहरणे त्याच्याकडून सोडवून घ्यावीत. ब्रेक आधी की इंजिन आधी, याचे उत्तर तो स्वतःच देईल.